खिडक्या नंतर, आधी पाणी: संरक्षित भागातल्या जुन्या विटांच्या घराबद्दल

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेतल्या एका छोट्या गावात, गावाने ऐतिहासिक म्हणून संरक्षित केलेल्या भागात, १८९०च्या सुमारास बांधलेलं दुमजली विटांचं घर तुम्ही नुकतंच घेतलंत. खिडक्या खिळखिळ्या आहेत, तळघराच्या एका भिंतीला ओल आहे, बाहेरच्या विटांचे पापुद्रे सुटताहेत. ठेकेदार म्हणतो, खिडक्या काढून व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या बसवा, दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरून घ्या आणि वरून सगळ्या भिंतींना सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप मारा. समोरचा पोर्च नंतर जोडलेला वाटतो, तो पाडून घर मूळ रूपात आणायची तुमची इच्छा आहे. अशा भागातल्या बदलांना परवानगी देणाऱ्या गावच्या समितीची धास्ती आहे. आणि घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

मी गेली २२ वर्षं इथल्या अशाच घरांच्या दुरुस्तीचं काम करते आहे. तुमच्या ठेकेदाराच्या तिन्ही सूचनांना आत्ता नाही म्हणा. पोर्चलाही हात लावू नका. पहिलं वर्ष फक्त पाण्याच्या मागे फिरा आणि मुलीपुरती जुन्या रंगातल्या शिशाची काळजी घ्या. बाकी सगळं थांबू शकतं. हे घर सव्वाशे वर्षांहून जास्त उभं आहे, आणखी चार ऋतू ते तुमच्यासाठी थांबेल.

आधी समितीबद्दल. इथे दोन वेगळ्या याद्या आहेत आणि लोक त्यांची सतत गल्लत करतात. एक राष्ट्रीय यादी, नॅशनल रजिस्टर, जी १९६६च्या कायद्याने आली. त्या यादीत घर असणं हा मान आहे. खासगी मालक स्वतःच्या पैशाने घरात काय करतो, यावर त्या यादीमुळे कसलंही बंधन येत नाही. बंधन येतं ते गावाच्या स्वतःच्या अध्यादेशातून. १९३१ साली चार्ल्सटनने असा पहिला अध्यादेश केला, मग इतर गावांनी. ‘माझं घर, मग विचारणारे हे कोण’ हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या प्रकरणात १९७८ साली न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा समितीला अधिकार आहे, हे गृहीत धरूनच चला.

पण तो अधिकार केवढा, हे तुमच्या गावच्या अध्यादेशातच लिहिलेलं असतं. तो गावच्या कार्यालयातून आणा आणि मुळातून वाचा, शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकू नका. बहुतेक गावांत रस्त्यावरून दिसणाऱ्या बाहेरच्या भागापुरताच समितीचा संबंध असतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर, वायरिंग यांत ती पडत नाही. आणि जसं होतं तसंच, त्याच मालाने दुरुस्त करायचं असेल तर अनेक ठिकाणी सुनावणीची गरजच नसते, कार्यालयातला माणूस सही करून मोकळं करतो. परवानगी लागते ती बदलाला. त्या परवानगीला सर्टिफिकेट ऑफ अप्रोप्रिएटनेस म्हणतात. ती न घेता खिडक्या काढल्यात तर काम थांबवण्याची नोटीस येते, दंड होऊ शकतो, आणि काढलेल्या खिडक्या तोवर कचऱ्यात गेलेल्या असतात. हे मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा घरमालक भले लोक होते, ठेकेदाराच्या ‘काही लागत नाही हो’वर विसंबले होते.

आता पाणी. जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन बाहेर पडा आणि घराभोवती तीन फेऱ्या मारा. माझ्या अनुभवात ही अर्ध्या तासाची पाहणी महागड्या अहवालापेक्षा जास्त सांगते. पन्हळ कुठे ओसंडते, खाली आणणारा पाइप कुठे निखळलाय, त्याचं तोंड नेमकं जोत्याच्या कोपऱ्यावर उघडतंय का, अंगणाचा उतार घराकडे आहे का. १,००० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे ६२० गॅलन पाणी होतं. ते सगळं चार पाइपांतून खाली येतं. एक पाइप तुटला असेल तर दीडेकशे गॅलन पाणी एका कोपऱ्यात, पायाच्या अंगावर. तळघराच्या एकाच भिंतीला ओल आहे असं तुम्ही लिहिलंत. त्या भिंतीच्या बरोबर वर काय आहे, ते बघा. दहातल्या आठ वेळा तिथे पन्हळीचा पाइप किंवा तुंबलेला कोपरा सापडतो.

पाइपाचं पाणी घरापासून लांब न्या, आणि माती अशी भरा की पहिल्या १० फुटांत निदान ६ इंच उतार बाहेरच्या बाजूला मिळेल. माती भरताना विटेला मात्र टेकवू नका. मग तळघरात एक साधी परीक्षा करा. ॲल्युमिनियमच्या फॉइलचा हातभर तुकडा ओल्या भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब फॉइलच्या बाहेरच्या अंगाला असतील तर ती हवेतली दमट वाफ गार भिंतीवर जमते आहे, तिथे हवा कोरडी करणारं यंत्र पुरेल. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतूनच येतंय. तसं असलं तरी आतून वॉटरप्रूफ रंग लावू नका. त्याने पाणी थांबत नाही, भिंतीतच कोंडतं आणि चढत चढत जोत्यावरच्या विटांत जातं.

इथून आपण विटांवर येतो, आणि या विषयावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण जुन्या घरांचं सगळ्यात मोठं नुकसान मी इथेच होताना बघितलंय.

तुमच्या काळातली वीट आजच्या विटेपेक्षा मऊ आहे. तिची बाहेरची भाजलेली साल टणक आणि आतला गाभा भुसभुशीत. ती ज्या चुन्याच्या दर्ज्यात बसवली होती, तो दर्जा विटेपेक्षाही मऊ होता, आणि हे गवंड्याने जाणूनबुजून केलेलं असतं. भिंत उन्हाने फुगते, थंडीत आकसते, थोडी खचते. ही सगळी हालचाल मऊ दर्जा पोटात घेतो. भिंतीत शिरलेलं पाणीही त्याच्यातूनच बाहेर पडतं, कारण चुना सच्छिद्र असतो. पाण्याबरोबर येणारा क्षार दर्ज्यात साठतो, लोणा दर्ज्याला लागतो, आणि ५०-६० वर्षांनी झिजतो तो दर्जा. तो खरवडून पुन्हा भरला की भिंत नवी. वीट शाबूत राहावी म्हणून दर्ज्याने झिजायचं, असा तो सगळा हिशोब आहे.

या भिंतीत सिमेंट भरलं की हिशोब उलटतो. आता दर्जा टणक आणि वीट मऊ. पाणी दर्ज्यातून निघू शकत नाही, म्हणून विटेतून निघतं. लोणा विटेत साठतो. हिवाळ्यात विटेतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि विटेची साल आतून ढकलली जाते. तुम्हाला दिसणारे पापुद्रे बहुधा हेच आहेत. मागे कुणीतरी एकदा सिमेंट भरून गेलं असणार. एका घराची उत्तरेकडची भिंत कायमची माझ्या डोळ्यांसमोर आहे. विटा दीड-दोन इंच आत झिजून गेल्या होत्या आणि सिमेंटचे दर्जे मधाच्या पोळ्याच्या कडांसारखे बाहेर उभे होते, जसे भरले तसे, एक टवकाही न उडालेले. मालक मला ते कौतुकाने दाखवत होते, ‘बघा, दर्जा किती मजबूत.’ त्या भिंतीच्या ४०० विटा बदलाव्या लागल्या.

परीक्षा सोपी आहे. खिशातली किल्ली घ्या आणि वेगवेगळ्या भिंतींवर दर्ज्यात रेघ ओढा. पांढुरकी पूड सहज सुटली तर तो चुना आहे, त्याला हात लावायची घाई नको. किल्ली घसरली, राखाडी चकाकी राहिली, तर ते सिमेंट. जे दर्जे आत झिजलेत किंवा पोकळ झालेत तेवढेच भरायचे. सगळ्या घराचे दर्जे एकदम भरून घ्यायची गरज शंभरात पाच घरांना असते.

गवंड्याशी बोलताना एक गोष्ट पाठ करून जा. इथे दर्ज्याच्या मालाला एम, एस, एन, ओ अशी अक्षरं आहेत, टणकपणाच्या उतरत्या क्रमाने. एम म्हणजे चौरस इंचाला निदान २,५०० पौंड दाब सोसणारा, एस १,८००, एन ७५०, ओ ३५०. दुकानातल्या तयार पोत्यांवर बहुतेक वेळा एस किंवा एन असतं, आणि जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला माल, असं नव्या गवंड्यांना मनापासून वाटतं. तुमच्या विटेला ओ किंवा त्याहून मऊ, नाहीतर नुसता चुना आणि वाळू हवी. जुन्या दर्ज्याचा एक तुकडा प्रयोगशाळेत दिला तर चुन्याचं प्रमाण आणि वाळूचा रंग, जाडी कळते. हा खर्च जरूर करा, कारण दर्ज्याचा रंग वाळूने ठरतो आणि समिती तो बघते. जुना दर्जा काढायचा तो त्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल, आणि उभ्या दर्ज्यात ग्राइंडर घालू देऊ नका. त्याची चकती वरच्या-खालच्या विटेला चाटून जातेच. तिथे छिन्नी आणि हात. नवा चुना काही दिवस ओला ठेवावा लागतो, आणि तापमान ४० अंश फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर काम करू नये. म्हणजे मे ते सप्टेंबर.

सीलरचं उत्तर आता तुम्हीच द्याल. ज्या भिंतीला श्वास घ्यायचाय, तिच्या तोंडावर आपण हात ठेवायचा नाही. वाळूच्या माऱ्याने भिंत साफ करून देतो म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. त्या माऱ्यात विटेची भाजलेली साल जाते, आणि ती परत आणायचा उपाय नाही.

खिडक्या. मुलीच्या खोलीतली एक खिडकी आतून नीट बघा. दोन झडपा वर-खाली सरकतात. आतल्या कडेची बारीक पट्टी काढली की खालची झडप हातात येते. चौकटीच्या बाजूला, खालच्या अंगाला, लाकडाचा एक छोटा तुकडा स्क्रूने बसवलेला दिसेल. तो काढला की आत लोखंडाचं लांबट वजन टांगलेलं असतं, त्याची दोरी वर कप्पीवरून झडपेला बांधलेली. खिडकी वर राहत नाही, आपटते, ती बहुतेक वेळा ही दोरी तुटलेली असते म्हणून. काचेबाहेरची लांबी (काच पक्की धरणारी पुट्टी) वाळून तडकली असेल, ती काढून नवी भरायची. आणि खिडकी खिळखिळी वाटते ती बऱ्याचदा रंगाच्या थरांनी तिचं माप बिघडवलेलं असतं म्हणून. ही दुरुस्ती शिकता येते. मी शिकवलेल्या एका शाळेतल्या शिक्षिकेने दोन उन्हाळ्यांत आपल्या घराच्या १९ खिडक्या एकटीने केल्या.

त्या झडपेचं लाकूड हातात घेऊन त्याच्या कडेवरची वर्तुळं बघा. इंचात २०-३० वर्तुळं असतात. हे जुन्या जंगलातलं, सावकाश वाढलेलं लाकूड. आज लागवडीचं लाकूड जलद वाढतं, वर्तुळं विरळ आणि कुजायला लवकर. तुम्ही कचऱ्यात टाकायला निघालात ते लाकूड आज पैसे देऊनही सहज मिळत नाही. व्हायनिलच्या खिडकीत दुहेरी काचेचं बंद पाकीट असतं, त्याचं सील साधारण २० वर्षांत गेलं की आत धुकं जमतं आणि ते दुरुस्त होत नाही, अख्खी झडप बदलावी लागते. थंडीचा प्रश्न मात्र खरा आहे. जुन्या खिडकीच्या फटींना पट्टी लावली आणि बाहेरून नीट बसणारी स्टॉर्म विंडो, म्हणजे काचेची जादा खिडकी चढवली, तर ती थंडी जवळपास नव्या दुहेरी काचेइतकीच अडवते. त्याआधी माळ्यावर इन्सुलेशन घाला, कारण घरातली उष्ण हवा खिडकीपेक्षा जास्त वरूनच पळते. विटांच्या भिंतींना आतून इन्सुलेशन लावायच्या फंदात अभ्यासाशिवाय पडू नका. आतली ऊब न मिळाल्याने वीट जास्त गार आणि जास्त ओली राहते, आणि पुन्हा तेच गोठणं.

सगळ्याच खिडक्या वाचतात असं नाही. खालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक पाव इंच आत गेलं तर तेवढं लाकूड कापून नवं ठिगळ बसवता येतं. मुठीएवढा भाग भुगा झाला असेल तर ती एक पट्टी बदला. दुरुस्ती आधी, बदल नंतर, आणि बदललं तर रचनेत, पोतात, शक्य असेल तिथे मालातही जुन्यासारखं, हे केंद्र सरकारच्या ज्या १० नियमांवर बहुतेक समित्या चालतात त्यांतलंच एक कलम आहे.

पण मुलगी तीन वर्षांची आहे, म्हणून खिडक्यांबाबत एक गोष्ट मी सगळ्यांत आधी करायला सांगते. इथे घरगुती रंगात शिसं घालायला १९७८ साली बंदी आली. १९४०च्या आधीच्या घरांपैकी ८७ टक्के घरांत शिशाचा रंग आहे, असं सरकारी आकडा सांगतो. तुमच्याही घरात आहे असं धरूनच चाला. भिंतीवर घट्ट बसलेला रंग फारसा अपाय करत नाही. झडप वर-खाली सरकते तिथे तो घासून बारीक धूळ होते, ती खिडकीच्या खालच्या फळीवर पडते, आणि त्या उंचीला मुलांचे हात पोचतात. मुलीच्या डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या, याच आठवड्यात. खिडक्यांच्या फळ्या दर दोन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा, कोरडा झाडू नको. वळचणीखालची, भिंतीलगतची माती तिला खेळायला देऊ नका, वर्षानुवर्षं खरवडलेला रंग तिथेच पडलेला असतो. खिडक्यांचं काम निघेल तेव्हा मुलगी घरात नसावी, रंग ओला करूनच खरवडायचा, आणि जाळून रंग काढायचा नाही. पैसे देऊन काम करून घेणार असाल तर ठेकेदाराकडे शिशाच्या कामाचं प्रमाणपत्र असणं २०१०पासून सक्तीचं आहे. ते मागा. जो प्रमाणपत्र दाखवायला कुरकुर करतो, त्याला काम देऊ नका.

वायरिंगबद्दल मी हळवी नाही. माळ्यावर चिनी मातीच्या बोंडांवरून ताणलेल्या जुन्या तारा दिसल्या आणि त्यांत वीज असेल, तर त्या बदला. त्या तारा उघड्या हवेत गार राहाव्यात अशा बसवलेल्या असतात, त्यांवर इन्सुलेशन टाकलं तर आगीची भीती. विमा कंपन्याही त्यावर अडतात. म्हणून माळ्यावरचं इन्सुलेशन घालण्याच्या आधी विजेचं काम.

पोर्च. नंतर जोडलेला आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? आधी सॅनबॉर्नचे नकाशे बघा. आगीच्या विम्यासाठी १८६७ पासून गावागावांचे हे नकाशे काढले जात, नकाशात आलेल्या भागातलं प्रत्येक घर त्यात असायचं. विटांचं घर गुलाबी, लाकडी पिवळं, पोर्च तुटक रेघेने. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांतले पुष्कळ इंटरनेटवर ठेवलेत. तुमच्या गावाची वेगवेगळ्या सालांची पानं शेजारी शेजारी उघडा, पोर्च कोणत्या दोन सालांमध्ये उगवला ते समजेल. मग पोर्चच्या लाकडातला एखादा खिळा बघा. चौकोनी अंगाचा कापीव खिळा असेल तर काम बहुधा १८९०च्या आसपासचं किंवा आधीचं, गोल तारेचा असेल तर नंतरचं.

समजा पोर्च १९२०च्या दशकातला निघाला. तरी तो जवळपास १०० वर्षांचा आहे. घरात झालेले बदल स्वतःच जुने होऊन महत्त्वाचे ठरतात, आणि ते जपायचे असतात, हेही त्याच १० नियमांत आहे. त्या पोर्चवर पाच पिढ्या संध्याकाळी बसल्या. तो पाडून तुम्ही जे उभं कराल ते १८९०चं घर नसेल, १८९०च्या घराबद्दलचा तुमचा आजचा अंदाज असेल. समिती इथे बहुतेक नकार देईल आणि मला वाटतं तिने द्यावा.

पैशाचा एक मुद्दा. २० टक्के करसवलत मिळते असं तुम्ही ऐकलंत, ते खरं आहे, पण ती केंद्राची सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतीला आहे, स्वतः राहत्या घराला नाही. काही राज्यांत राहत्या घरासाठी वेगळी सवलत असते. तुमच्या राज्याच्या ऐतिहासिक वारसा कार्यालयाला काम सुरू करण्याच्या आधी विचारा, कारण काम झाल्यावर अर्ज केला तर बहुधा उपयोग होत नाही.

समितीकडे जाल तेव्हा सुनावणीच्या आधी कार्यालयातल्या माणसाला एकदा घरी बोलावून भिंत दाखवा. समितीवर बसणारे गावचेच लोक असतात, बहुतेक बिनपगारी. त्यांतल्या कुणीतरी तुमच्यासारख्याच विटेवर सिमेंट भरून पस्तावलेला असतो आणि चुन्याचं काम करणाऱ्या गवंड्याचा फोन नंबर त्याच्याकडे असतो.

आणि आज संध्याकाळी एक करा. तळघराचा मागचा कोपरा, गॅरेजच्या तुळयांवरची जागा, पोर्चखालचा अंधार धुंडाळा. जुन्या लाकडी स्टॉर्म विंडो लोक टाकून देत नसत, तिथे रचून ठेवत. सापडल्या तर त्यांच्या कडेला नखाएवढी धातूची टिकली बघा, तिच्यावर आकडा असतो. घराच्या बाहेरून एकेका खिडकीच्या चौकटीवर रंगाखाली बोट फिरवा. तोच आकडा तिथे लागेल. ७ नंबरची ७वर चढवून बघा आणि कशी बसते ते मला कळवा.